फिरते कुंपण

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून सिद्धगड नावाचा डोंगरी किल्ला उभा आहे. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे या गडाच्या परिसरात ब्रिटिश सरकारच्या पोलिसांशी लढताना भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. त्यामुळे गडाचे नाव महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे झाले. गडाभोवतीचे दाट रान १९८५ पासून भीमाशंकर अभयारण्यात मोडते. रान संपते तेथून शेते सुरू होतात. सखल सपाट जागी भाताची खाचरे आणि उतारावर नाचणी व वरई यांची वरकस जमीन, अशी येथील शेतीची मांडणी आहे.

पावसाळ्यात भात उभे असते, तेव्हा गुराखी गुरांना शेतापासून दूर ठेवतो. दिवाळीच्या सुमारास कापणी होते, भात खळ्यावर येते आणि खाचरे मोकळी होतात. मग गुरेही मोकळी सुटतात. भाताचे खुंट, बांधावरचे गवत, जे मिळेल ते खात ती रानोमाळ हिंडतात. परंतु याच दिवसांत काही शेतकऱ्यांनी जमिनीतील ओलीवर वाल व हरभरा पेरलेला असतो. ज्याच्याजवळ विहिरीचे अथवा ओढ्याचे पाणी असते, त्याने भेंडी व काकडी लावलेली असते. मोकळ्या गुरांना वालाचे शेत कोणते आणि ओसाड खाचर कोणते, हे कोण सांगणार? एका रात्रीत चार गुरे वाफ्यात शिरली, तर दोन महिन्यांचे श्रम मातीला मिळतात. म्हणून कुंपण हवे.

कोकणपट्टीत कुंपणाचे तीन प्रकार फार दिवसांपासून चालत आले आहेत. पहिला प्रकार गडग्याचा. शेतातील दगड वेचून, मातीचुना न वापरता, एकावर एक रचून केलेली ही बुटकी भिंत होय. गडगा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो; परंतु तो रचण्यास दगड आणि श्रम दोन्ही पुष्कळ लागतात, आणि एकदा रचला की तो जागचा हलत नाही. दुसरा प्रकार वईचा. बोर, बाभूळ, करवंद यांसारख्या झाडाझुडपांच्या काटेरी फांद्या तोडून शेताच्या कडेने रोवल्या, म्हणजे वई तयार होते. तिला पैसा लागत नाही. पण पावसात ती कुजते आणि तिला वाळवी लागते. म्हणून दरवर्षी नव्या फांद्या तोडाव्या लागतात. तिसरा प्रकार म्हणजे वाटेवरचे बेडे. गडग्यात अथवा वईत ये-जा करण्यासाठी जी फट ठेवलेली असते, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खांब पुरतात. त्या खांबांना समोरासमोर भोके पाडून त्यांत आडवे वासे सरकवितात. वासे काढले की वाट मोकळी होते, पुन्हा सरकविले की बंद होते.

या तिन्ही प्रकारांत बेडे हे विचार करण्यासारखे आहे. सगळे कुंपण अचल, पण त्याचा एवढाच भाग चल असतो. मग मनात असा प्रश्न येतो की, सगळेच कुंपण बेड्याप्रमाणे हलते केले तर? आज या वाफ्याभोवती, उद्या त्या खाचरात, असे ते नेता येईल काय?

हा प्रश्न नवा नाही. त्याचे एक उत्तर महाराष्ट्रातील धनगरांनी पूर्वीच शोधून ठेवले आहे. पावसाळा संपला की देशावरील धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन घाट उतरतात आणि कोकणपट्टीत चार-सहा महिने फिरतात. त्यांच्या घोड्यावर बिऱ्हाडाच्या सामानाबरोबर वाघर लादलेली असते. वाघर म्हणजे दोरीचे विणलेले लांब जाळे होय. रात्री मुक्कामाच्या शेतात खुंट्या ठोकून वाघर गोलाकार लावतात आणि तिच्या आत मेंढ्या बसवितात. सकाळी वाघर गुंडाळून कळप पुढे जातो. शेतात मात्र लेंड्या आणि मूत्र यांचे उत्तम खत राहते. या खताच्या मोबदल्यात शेतकरी धनगराला धान्य अथवा पैसे देतो. येथे कुंपणाने दोन कामे केली. जनावरे एका जागी राखली, आणि खत हव्या त्या जागी पाडले.

दुसरे उत्तर दूरच्या इंग्लंड देशात सापडते. तेथील मेंढपाळ हेझल नावाच्या झाडाच्या लवचिक फांद्या विणून सुमारे सहा फूट लांबीच्या ताट्या करीत. रात्री ताट्यांचा कोंडवाडा उभारून त्यात मेंढ्या कोंडीत आणि दुसऱ्या दिवशी कोंडवाडा पुढे सरकवीत. अशा रीतीने कळप सगळ्या शेतावरून फिरत असे. मेंढीच्या पावलाने रेतीचे सोने होते, असे तेथील शेतकरी म्हणत, ते यामुळेच. त्या ताट्यांत मुद्दाम एक भोक ठेवलेले असे. तीन-चार ताट्या एकावर एक ठेवून त्या भोकांतून काठी घातली, की मेंढपाळाला सगळा भार एका खेपेत पाठीवर नेता येई. वस्तू फिरती करावयाची तर ती उचलायची कशी, याचा विचार ती बनवितानाच करावा लागतो, हे त्या लहानशा भोकावरून लक्षात येते.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या शेतकऱ्याजवळ मेंढ्यांचे कळप नसतात. त्याच्याजवळ चार-सहा गाई, बैल आणि थोड्या शेळ्या असतात. जाळे मेंढीला पुरते, पण शिंगे असलेल्या गुरांना ते पुरे पडत नाही. गुरांची शिंगे जाळ्यात अडकतात. म्हणून येथे लाकडाची अथवा बांबूची ताटीच हवी. अशा फिरत्या कुंपणाची येथे विशेष गरज का आहे, हे समजण्यासाठी राबाची थोडी माहिती करून घेतली पाहिजे.

भाताचे बी प्रथम एका लहानशा जागेत दाट पेरतात आणि रोपे हातभर वाढली म्हणजे ती उपटून खाचरात लावतात. एक एकर लावणीसाठी चार गुंठे, म्हणजे क्षेत्राचा दहावा हिस्सा, रोपांसाठी लागतो. ही जागा तयार करण्याची ठाणे जिल्ह्यातील जुनी रीत म्हणजे राब भाजणे. उन्हाळ्यात झाडांचे टहाळ तोडून आणतात; शेण, टहाळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर जमिनीवर पसरतात, वरून थोडी माती टाकतात आणि ते सर्व पेटवून देतात. त्या आचेने तणांचे बी जळते आणि राख जमिनीत मिसळते. त्यामुळे रोपे जोमदार येतात, हे खरे. परंतु त्यासाठी ऐनासारखी झाडे वर्षानुवर्षे छाटली जातात आणि शेणासारखे मोलाचे खत अग्नीत जाते.

राब हा येथील लोकांच्या जीवनमरणाचा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने जंगले ताब्यात घेऊन टहाळ तोडण्यावर बंधने घातली, तेव्हा जिल्ह्यात मोठा असंतोष माजला. अखेर ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला. टहाळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचे अन्न नाही, अशी शेतकऱ्याची अडचण होती. दुसऱ्या बाजूने पाहता, दरवर्षी फांद्या छाटलेले झाड वाढत नाही, हेही तितकेच खरे होते. ही ओढाताण सोडविण्याचा एक मार्ग म्हणजे रोपाच्या जागेला राखेऐवजी शेणखत देणे. ते खत गोठ्यातून डोक्यावर वाहून नेण्यापेक्षा गुरांनाच त्या जागी रात्री बसविले, तर शेण आणि मूत्र दोन्ही थेट जमिनीला मिळतील. त्यासाठी गुरांना हव्या त्याच चौकटीत रोखून धरणारे, आणि रोज-दोन रोजांनी पुढे सरकविता येणारे कुंपण हवे.

असे कुंपण बांबूपासून घरच्या घरी करता येते. त्याची रीत अशी आहे.

पहिली गोष्ट बांबूच्या निवडीची. अभयारण्यातून लाकूड वा बांबू तोडणे हा गुन्हा आहे. म्हणून आपल्या शेताच्या बांधावर लावलेल्या बेटातील बांबू घ्यावा. जंगलाबाहेर वाढविलेला बांबू २०१७ पासून कायद्याच्या दृष्टीने वृक्ष मानला जात नाही, त्यामुळे असे बेट लावणे शेतकऱ्याला सोयीचे झाले आहे. तीन वर्षांहून अधिक वयाचा बांबू निवडावा. कोवळ्या बांबूच्या अंगावर पांढरट भुकटी असते आणि त्याच्या गाठींना वाळकी आवरणे चिकटलेली असतात. जून बांबूचा रंग फिकट झालेला असतो, आणि त्यावर कोयत्याची मूठ मारली असता खणखणीत आवाज येतो. बांबू थंडीच्या दिवसांत तोडावा. पावसाळ्यात तो वाढीला लागलेला असतो व त्याच्या अंगात ओलावा अधिक असतो. तोडताना घाव जमिनीलगतच्या गाठीच्या किंचित वर घालावा, म्हणजे मागे उरलेल्या बुंध्यात पाणी साचत नाही आणि बेट कुजत नाही.

बांबूच्या गाभ्यात पिष्ट असते. ते खाण्यासाठी भुंगे बांबू पोखरतात आणि त्याचे पीठ पाडतात. म्हणून तोडलेले बांबू ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडांखाली तीन-चार आठवडे बुडवून ठेवावेत. पाण्याबरोबर पिष्ट व साखर पुष्कळशी निघून जाते आणि भुंग्यांना खाद्य उरत नाही. त्यानंतर ते बाहेर काढून सावलीत उभे करून वाळवावेत. कडक उन्हात टाकल्यास बांबूला उभ्या भेगा पडतात. घाई करून ओल्या बांबूवर बांधणी करू नये. बांबू वाळताना आकसतो आणि आज घट्ट बसलेली गाठ महिन्याभरात सैल पडते.

आता मापे. ताटी सहा फूट लांब आणि चार फूट उंच असावी. यापेक्षा मोठी केली तर ती एका माणसाला उचलवत नाही. यापेक्षा लहान केली तर जोड वाढतात, आणि जितके जोड अधिक तितक्या कच्च्या जागा अधिक. एका ताटीला पाच-पाच फुटांचे दोन उभे दांडे, सहा-सहा फुटांच्या पाच आडव्या पट्ट्या आणि सुमारे सात फुटांची एक तिरकी पट्टी लागते. उभे दांडे अखंड बांबूचे असावेत. त्यांचे वरचे टोक गाठीच्या लगेच वर कापावे, म्हणजे ते बंद राहते आणि नळीत पावसाचे पाणी शिरत नाही. पट्ट्यांसाठी बांबू उभा चिरून त्याचे दोन भाग करावेत. हिशेब केला तर असे दिसते की, दांड्यांना दहा फूट अखंड बांबू लागतो आणि सदतीस फूट पट्ट्यांसाठी साडेअठरा फूट बांबू चिरावा लागतो. म्हणजे तीस फूट लांबीच्या एका बांबूत एक ताटी होते.

दोन उभे दांडे जमिनीवर समांतर ठेवून त्यांवर आडव्या पट्ट्या मांडाव्यात. सर्व पट्ट्या सारख्या अंतरावर ठेवू नयेत. खालच्या पट्ट्या जवळजवळ असाव्यात आणि वर जाताना अंतर वाढवीत न्यावे. वासरू व शेळी ही नेहमी खालच्या फटीत डोके घालतात. मोठ्या गाईचे डोके वरच्या भागाशी येते आणि ते मुळातच मोठे असते. शेळ्यांसाठी कोंडवाडा करावयाचा असेल, तर खालच्या भागात कामट्या विणून फटी आणखी लहान कराव्यात. घराचा कूड विणण्याची कला ज्यांना अवगत आहे, त्यांना हे काम अवघड जात नाही. सर्वांत वरची फट मात्र हाताचा पंजा आणि जाड काठी सहज जाईल एवढी मोकळी ठेवावी. ताट्या वाहून नेताना तिचाच उपयोग होतो.

बांबूला खिळा ठोकू नये. खिळ्याने तो गाठीपर्यंत चिरत जातो. जोडाच्या जागी गिरमिटाने भोक पाडावे, त्यात लाकडाची खुंटी बसवावी आणि वरून काथ्याच्या सुंभाने फुलीसारखी बांधणी करावी. सुंभाचे वेढे आधी एका तिरक्या दिशेने, मग दुसऱ्या तिरक्या दिशेने घ्यावेत, आणि शेवटी दोन्ही लाकडांच्या मधून दोन वेढे घालून ते आवळावेत. हे शेवटचे वेढेच सगळी बांधणी घट्ट करतात.

येथवर केलेली ताटी दिसते नीटनेटकी, परंतु ती उभी करून तिच्या वरच्या कोपऱ्याला धक्का दिला, तर ती एका बाजूला कलते आणि चौकटीचा आकार बिघडतो. याचे कारण एका सोप्या प्रयोगाने समजते. सारख्या लांबीच्या चार कामट्या घेऊन त्यांची टोके दोऱ्याने बांधावीत आणि चौकोन करावा. तो दाबला की क्षणात तिरपा होतो. बाजूंची लांबी तीच राहते, पण कोन बदलतात. आता तीन कामट्यांचा त्रिकोण करावा. तो कितीही दाबला तरी त्याचा आकार बदलत नाही. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचे कोनही ठरतात, हे भूमितीत शिकविले जाते. येथे ते हाताला जाणवते. ताटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी बांधली, की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि ताटी ताठ उभी राहते. रेल्वेचे पूल आणि विजेचे मनोरे यांत जो तिरक्या पट्ट्यांचा जाळीदार आकार दिसतो, तोही याच कारणासाठी असतो. सात फुटांच्या त्या एका पट्टीवाचून बाकीची सर्व मेहनत व्यर्थ जाते.

ताट्या उभ्या करण्यासाठी खुंटे लागतात. बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाच्या जाड फांद्यांचे खुंटे चांगले होतात. पाला भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून घालता येतो, आणि छाटलेल्या झाडाला पुन्हा फांद्या फुटतात. खुंट्याच्या टोकास धार करावी, पहारीने जमिनीत हातभर खोल भोक पाडावे आणि त्यात खुंटा बसवून मोगरीने ठोकावा. दोन ताट्यांची टोके एका खुंट्याशी भिडवावीत. मग दोन ताट्यांचे दांडे आणि मधला खुंटा या तिघांवरून सुंभाचे एक कडे वरून खाली सरकवावे. गाठ मारण्याची गरज नाही. संध्याकाळी कडे अडकविले की कुंपण बंद. सकाळी कडे काढले की ताटी दाराप्रमाणे उघडते. ज्या बाजूने गुरे बाहेर ढकलण्याचा संभव असतो, त्या बाजूस खुंटा ताटीच्या बाहेरून यावा, म्हणजे तो टेकूचे काम करतो.

बारा ताट्या तयार झाल्या म्हणजे काम सुरू करता येते. त्या कशा मांडाव्यात, यातही विचार आहे. दोन समोरासमोरच्या बाजूंना एकेक आणि उरलेल्या दोन बाजूंना पाच-पाच ताट्या लावल्या, तर सहा फूट रुंद आणि तीस फूट लांब, म्हणजे १८० चौरस फुटांची जागा मिळते. त्याच बारा ताट्या प्रत्येक बाजूस तीन याप्रमाणे चौरसात मांडल्या, तर अठरा फूट लांब व तितकीच रुंद, म्हणजे ३२४ चौरस फुटांची जागा मिळते. घेर दोन्ही वेळी ७२ फूटच आहे; पण चौरसात जागा जवळजवळ पावणेदोन पट होते. सहा गावठी गुरांना एवढी जागा बसण्या-उठण्यास पुरेशी आहे. पुढे आणखी आठ ताट्या करून त्यांची संख्या वीस केली, तर प्रत्येक बाजूस पाच ताट्या येतात आणि ९०० चौरस फुटांचा भाजीचा वाफा राखता येतो. ताट्या दुपटीहूनही कमी वाढल्या, पण जागा मात्र पावणेतीन पटींहून अधिक झाली.

आता रोपाच्या जागेचा हिशेब पाहू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चार गुंठ्यांचे ४३५६ चौरस फूट होतात. त्यात ३२४ चौरस फुटांच्या चौदा जागा बसवाव्या लागतात. एका जागी गुरे दोन रात्री बसविली, तर अठ्ठावीस रात्रींत सगळी जागा खताखाली येते. लहान चणीचे गावठी जनावर दिवसरात्रीत साधारण आठ ते दहा किलो शेण टाकते, त्यातील निम्मे रात्रीचे धरले, तर गुंठ्यास दीडशे ते दोनशे किलो ओले शेण पडते. मूत्राचा हिशेब यात धरलेला नाही. गोठ्यात ते बहुधा वाया जाते. शेतात माती ते शोषून घेते. शिमग्यापासून पावसाला सुरुवात होईपर्यंत अठ्ठावीस रात्री काढणे मुळीच कठीण नाही. याउलट, एक एकराच्या चौरस शेताला सर्व बाजूंनी ताट्या लावावयाच्या म्हटल्या, तर सुमारे ८३५ फूट घेरासाठी १३९ ताट्या लागल्या असत्या. कुंपण फिरते असल्यामुळे बारांवर भागते.

कोंडवाडा पुढे सरकविताना सर्व बाराही ताट्या हलवाव्या लागत नाहीत. जुन्या व नव्या चौरसाची एक बाजू सामाईक असते. त्या बाजूच्या तीन ताट्या जागीच ठेवून उरलेल्या नऊ पलीकडे न्याव्यात. वरच्या फटींतून काठी घालून दोघांनी तीन-तीन ताट्या उचलल्या, तर तीन खेपांत काम होते. सकाळी गुरे चरावयास गेल्यावर आदल्या रात्रीचे शेण दाताळ्याने पसरावे आणि शक्य तितके मातीत मिसळावे. तसेच उन्हात पडू दिले तर त्यातील सत्त्व उडून जाते.

या कुंपणाच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. ताटी गुरांना अडविते ती बळाने नव्हे, सवयीने. समोर अडसर दिसला आणि आत थोडी वैरण व पाणी मिळाले, की गुरे तेथे स्वस्थ बसतात. परंतु बिथरलेल्या बैलाने धडक दिली तर कोणतीही ताटी टिकत नाही. सिद्धगडाच्या परिसरात बिबट्याचा वावर आहे. बिबट्याला चार फुटांचे कुंपण म्हणजे काहीच नव्हे. म्हणून वासरे व शेळ्या रात्री भक्कम गोठ्यातच बांधाव्यात, आणि मोठ्या गुरांजवळ राखणदार असल्यावाचून त्यांना उघड्यावर बसवू नये. आणखी एक गोष्ट म्हणजे, राब भाजल्याने तणांचे बी जळते, तसे शेणखताने होत नाही. उलट शेणातून गवताचे बी शेतात येते. तेव्हा रोपांतील तण हाताने उपटण्याचे काम वाढते. झाडांचे टहाळ वाचतात, त्याची ही किंमत आहे, आणि ती आनंदाने दिली पाहिजे.

पावसाळा जवळ आला की फिरत्या कुंपणाचा सर्वांत मोठा गुण कळतो. सिद्धगडाच्या पायथ्याशी पावसाळ्यात शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. त्यात जमिनीत पुरलेला कच्चा बांबू एक ते तीन वर्षांत कुजतो. तोच बांबू छपराखाली कोरडा राहिला, तर चार ते सात वर्षे टिकतो. अचल कुंपणाला पावसात उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. ताट्या मात्र जूनपूर्वी धुऊन, वाळवून, सैल झालेल्या बांधण्या पुन्हा आवळून, माळ्यावर रचून ठेवता येतात. चुलीचा धूर तेथपर्यंत पोहोचत असेल तर अधिकच चांगले. धुराने भुंगे दूर राहतात. दिवाळीनंतर त्या पुन्हा खाली उतरवाव्यात. आधी त्या वालाच्या अथवा भाजीच्या वाफ्याचे रक्षण करतील, आणि शिमग्यानंतर गुरांना घेऊन रोपाच्या जागेवरून फिरतील.

एका बेटातील बारा बांबू, थोडा सुंभ, बांधावरचे खुंटे आणि आठवड्याभराचे श्रम, एवढेच या कुंपणाचे भांडवल आहे. दरवर्षी काटेरी फांद्या तोडून वई घालणे आणि टहाळ तोडून राब भाजणे, ही दोन्ही कामे त्यामुळे पुष्कळ अंशी टळतात. ऐनाचे एक झाड छाटल्यावाचून उभे राहिले, तर त्याची मुळे डोंगरउतारावरची माती धरून ठेवतात; आणि ती माती वाहून खाली खाचरात येत नाही, म्हणून खालच्या शेतकऱ्याचे भातही वाचते. सिद्धगडाच्या पायथ्याच्या शेताचे आणि वरच्या रानाचे हित एकच आहे, आणि चार फूट उंचीची एक ताटी त्या हिताला हातभार लावू शकते.

स्वाध्याय

१. गडगा, वई आणि बेडे या तीन प्रकारांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.

२. राब भाजण्याचे फायदे कोणते व तोटे कोणते?

३. कारणे द्या : (अ) बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात. (आ) ताटीला तिरकी पट्टी बांधतात. (इ) ताटीच्या खालच्या पट्ट्या जवळजवळ बसवितात.

४. सहा फूट लांबीच्या सोळा ताट्या चौरसात मांडल्या, तर किती चौरस फूट जागा मिळेल? त्याच ताट्या एका बाजूस दोन व दुसऱ्या बाजूस सहा याप्रमाणे मांडल्यास किती जागा मिळेल?

५. आपल्या गावात अथवा परिसरात शेताला कोणकोणत्या प्रकारची कुंपणे घालतात, त्यांचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा. प्रत्येक कुंपण किती वर्षे टिकते, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारा.